वाढत्या अंगाचा झगा

माझ्या उन्हाळी शिवणवर्गात पहिले काही दिवस कोणी कात्रीला हात लावायचा नाही, असा नियम आहे. पोरी कुरकुरतात. मशीन समोर, कात्री भिंतीवर, आणि बाई म्हणतात नुसतं बघा! पण जुन्याचं नवं करायचं तर तो कपडा आधी कोणाच्या अंगावर कसा राहिला हे कळावं लागतं. काखेत विरलेलं कापड नव्या कपड्यात घेतलं तर ते पहिल्या धुण्यात फाटतं. बसून बसून मागून पातळ झालेल्या सलवारीची बाही करू नये. उजवा खिसा लोंबलेला असेल तर समजावं की खांदाही त्याच बाजूला ओढला गेला आहे, आणि माप दोन्हीकडून वेगळं घ्यावं. मी याला कपडा वाचणं म्हणते. मुलींना ते आवडतं. कोणाचा शर्ट, तो डावखुरा होता का, पोट सुटलेलं होतं का, असं ओळखायचा त्यांचा खेळच होतो.

अकोल्यात मे महिन्याची दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आया कामावर गेलेल्या असतात. पोरींना घरात कोंडून ठेवण्यापेक्षा त्या माझ्याकडे पाठवतात. जुन्या शहरातल्या माझ्या पुढच्या खोलीत कूलर आहे, तो मिळतो, आणि हातही चालतात. नवं कापड मी आणू देत नाही. रविवारच्या बाजारात रजियाबी जुन्या कपड्यांचा ढीग मांडून बसते, तिथून एकेकीने आपापला कपडा निवडायचा आणि सुट्टी संपेपर्यंत त्यातून स्वतःला शोभेल असं काहीतरी शिवायचं.

यंदा तिघीच होत्या. रजियाबीची नात इफ्फत, जिच्या तोंडाला कुलूप नाही. शेजारची लहानगी दामिनी, जिला अजून सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि जी माझ्या पायाशी बसून चिंध्यांची बाहुली करायची. आणि आठवीत जाणारी प्रणाली.

प्रणालीची आई कौशल्या डाळ मिलमध्ये कामाला जाते. घरात नवा कपडा क्वचित. दर दिवाळीला अमरावतीहून मामेबहिणींच्या जुन्या कपड्यांची पिशवी येते, त्यावर प्रणालीचं वर्ष निघतं. या वर्षी धाकट्या मामाचं लग्न होतं, आखजी झाली की लगेच. आखजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरण्याचा दिवस.

"बाई, मले लग्नासाठी माहा कपडा पायजे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"बाजारातला जुना चालेल?"

"जुना चालते. पण ज्याचा होता थे तिथं हजर नसावं. मागच्या वेळी साऱ्यांसमोर मामेबहीण म्हणे, अवं, हा तं माहा ड्रेस! अन् मंग सारे मले नाई, ड्रेसलेच पाहून राहिले."

इफ्फत हसली. "मंग तू म्हणायचं होतं, हो, पण मले जास्त शोभते!"

प्रणाली हसली नाही.

तिने ढिगातून एक झगा निवडून आणला. कच्च्या संत्र्याच्या सालीसारखा हिरवट-पिवळा रंग, त्यावर बारीक पांढरी फुलं. चांगलं जाडसर सुती कापड. शिलाई सगळी हातची. खाली घेराला आडवे टक घातलेले होते, म्हणजे कापड दुमडून शिवलेल्या पट्ट्या. पोरगी उंच झाली की एक टक उसवायचा, झगा तेवढा लांब होतो. कडेच्या शिवणीतही आत भरपूर दाब, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेला होता, पुढे अंगात सैल करता यावा म्हणून. वाढत्या अंगाचा झगा आया असाच शिवत.

"वाच," मी म्हटलं.

प्रणालीने तो उलटा केला. काखा पाहिल्या, गळा पाहिला, घेराची कड उजेडात धरली.

"बाई, काखेत घामाचा डागच नाई. गळ्याशी मळ नाई. कड घासली नाई."

"खळ पण तशीच हाय," इफ्फतने बोटांनी चोळून पाहिलं. "कोणी घातलाच नाई हा. दादी नवा माल कधीपासून ठेवाले लागली?"

"हे पण पहा बाई." प्रणालीने शिवणीच्या आतला भाग माझ्यासमोर धरला.

मी चष्मा लावला. आताच्या शिवणीच्या आत, दाबाच्या कापडावर, सुईच्या जुन्या भोकांची एक ओळ होती. तिच्याही आत दुसरी. मग तिसरी, आणखी एक, आणखी एक. घेरावरही तसंच. उसवलेल्या टकांच्या फिकट रेघा एकीखाली एक घोट्यापर्यंत गेल्या होत्या. हा झगा एका लहान पोरीसाठी शिवला होता आणि मग कोणीतरी वर्षानुवर्षं तो थोडा थोडा सैल केला होता, लांब केला होता. शिवणारा हात पहिल्यापासून एकच. फक्त अलीकडचे टाके वाकडे पडलेले.

"घातला नाही, मग सैल कोणासाठी केला?" प्रणालीने विचारलं.

मला उत्तर येत नसलं की मी मुलींना तसं सांगते. "मला कळत नाही गं," मी म्हणाले. "तू घालून पाहा, काय काय करावं लागेल ते ठरवू."

कमरेत तो तिला थोडा ढगळ झाला, बाकी बसला. गळा थोडा उघडा करायचा, बाह्या आखूड करून किंचित फुगीर करायच्या, कमरेला नीट बसवायचा आणि मागे बंद द्यायचे, असं ठरलं. प्रणालीने घरून आणलेल्या आईच्या मोबाइलवर इफ्फतने अशा झग्यांचे व्हिडिओ शोधून दाखवले. प्रणालीचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. रंग तिच्या सावळ्या अंगाला फार खुलत होता.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही कडा आत घेतल्या. शिवण सरळ आली. पण मी इफ्फतच्या शर्टाच्या कॉलरमध्ये गुंतले होते, तेवढ्यात तिने आतला सगळा दाब कात्रीने उडवला.

"अगं! दाब कधी कापायचा नसतो. पुढच्या वर्षी अंग भरलं तर सैल कुठून करशील?"

"आतून टोचत होतं बाई," ती ओशाळून म्हणाली. "अन् लग्नापुरतंच तं घालाचं हाय."

कापलेल्या पट्ट्या दामिनीने उचलल्या आणि आपल्या बाहुलीच्या कमरेला गुंडाळल्या. प्रणाली झगा घरी घेऊन गेली, हुक लावून आणते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने तो घातला आणि तो कमरेत पुन्हा ढगळ झाला.

मी तो काढायला लावला, उलटा केला. मशीनची शिवण नव्हती. तिच्या जागी हातची शिवण होती, ते वाकडे टाके. आणि तिच्या आत दाब होता. पूर्ण रुंदीचा, भोकांच्या सगळ्या ओळींसकट.

"उसवलास कशाला? आणि हे कापड कुठून जोडलं?"

"मी नाई बाई! देवाशपथ. मी तं फक्त हुक लावले."

"जोड दिसून नाई राहिली," इफ्फत वाकून म्हणाली. "एकच कापड हाय."

दामिनीने आपली बाहुली पुढे केली. तिच्या कमरेला कालच्या पट्ट्या तशाच होत्या. मी बाहुली झग्यावर ठेवली. तीच फुलं, तोच रंग, पट्टीच्या कडेवर तीच भोकं. कापलेलं कापड बाहुलीच्या अंगावर होतं आणि झग्यातही होतं.

कूलरमधलं पाणी ठिबकत होतं. इफ्फत झग्यापासून हळूच मागे सरकली.

"हा राहू दे माझ्याकडे," मी शेवटी म्हणाले. "आपण दुसरा निवडू. रजियाबीकडे एक गुलाबी साडी आहे, तिचा फार सुंदर..."

"नाई." प्रणालीने झगा छातीशी धरला. "हा माहाच हाय. आई म्हणते आखजीले एक टक उसवून देतो."

"तुही आई?" इफ्फत म्हणाली. "तुही आई सुईले हात लावत नाई. बटण तुटलं तं तू शिवते."

प्रणालीने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी आठवायचा प्रयत्न करावा आणि ते हाती लागू नये, असं ते पाहणं होतं. मग ती झगा घेऊन निघून गेली, भर उन्हात, डोक्यावर ओढणीही न घेता.

त्यानंतर ती वर्गात यायची, पण झगा घालूनच. शिवायला बसायची नाही. दाराच्या उंबऱ्यावर बसायची आणि तापलेल्या रिकाम्या गल्लीकडे पाहत राहायची. एकदा वीज गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, सगळ्या मोहल्ल्याचा आवाज एकदम बंद झाला. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"कोणाची वाट बघतेस?"

"आईची."

"आई मिलमधून पाचला येते ना, बेटा."

"थे नाई," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, चुकीचं गणित दुरुस्त करावं तसं.

मी तिच्या हाताला हात लावला. त्या उकाड्यात आम्हा सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते. तिचा झगा कोरडा होता आणि खळ अजून कडक होती.

संध्याकाळी कौशल्या माझ्या दारात उभी राहिली. मिलचा पांढरा भुगा अजून केसांत होता.

"बाई, तुमी लेकराइले काय शिकवून राहिल्या?"

"काय झालं?"

"पोरगी मले काकू म्हणाली." ती पायरीवर बसली. "पयले वाटलं मस्करी करते. म्या पण म्हटलं, काय वं पाहुणे, जेवता का? तं हो म्हणे. ताटावर बसली, अन् पानात वाढेपर्यंत हात नाई लावला. घरच्यावानी नाई, परक्याच्या घरी बसते तशी. मंग म्हणे, काकू, पाणी घेऊ का? मले! जिनं नऊ महिने..." तिने पदराने केसांतला भुगा झटकला. "तो झगा पेटीत घातला, कुलूप लावलं. सकायी उठून पाहिलं तं अंगात. कुलूप जसंच्या तसं."

मी तिला पाणी दिलं. मग आम्ही दोघी उठून रजियाबीकडे गेलो.

रजियाबी कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसली होती. आम्हाला पाहून तिने इफ्फतला आत पिटाळलं. इफ्फतने तिला सगळं आधीच सांगितलं होतं.

"वो हिरवा झगा ना?" ती म्हणाली. "थो गोदाबाईच्या गठ्ठ्यातून आला. अमरावतीची भांडेवाली. जुने कपडे घेते, बदल्यात भांडं देते, अन् कपडे मले विकते. मी आजच तिले फोन लावला. म्हटलं, गोदाबाई, सच्ची बोल, थो कोणाचा?"

"काय म्हणाली?"

"अमरावतीले बुधवारा मोहल्ल्यात एक म्हातारी हाय, रुख्मिणी. एकटी राहते. तिनं हाक मारून दिला. गोदाबाईनं टोपल्यातून चांगला स्टीलचा गंज, एवढं मोठं पातेलं, काढला, तं म्हातारी म्हणे मले काई नको. फक्त अंगाले येईल अशा पोरीले मिळाला पायजे. अन् दार लावून घेतलं. गोदाबाई उन्हात उभी, डोक्यावर टोपलं. तिले वाटलं, फुकट तं फुकट. घेऊन आली." रजियाबीने कपाळाला हात लावला. "येडी बाई! इतकी वर्षं धंदा करून राहिली अन् एवढं समजत नाई? बदल्यात काई घेतलं नाई तं कपडा दिला असा होतच नाई. चमचा का असेना, वाटी का असेना, हातावर ठेवावंच लागते. तवा तो घरातून सुटते. नाई तं तो देणाऱ्याचाच राहते, कोणाच्याही अंगावर असो."

"अन् अंगावरची पोरगी?" कौशल्याने विचारलं.

रजियाबी गठ्ठ्यावर हात टेकून उठली. आत जाऊन तिने गोदाबाईचा तो गंज नव्हे, पण तसाच एक नवा कोरा गंज आणला आणि कौशल्याच्या मांडीवर ठेवला. "उद्या आखजी हाय. टक उसवाच्या आत त्या म्हातारीच्या हातात द्या."

आम्ही सकाळची एसटी पकडली. प्रणाली झगा घालून खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूरला कौशल्याने तिला भजी घेऊन दिली, तर "थँक्यू काकू" म्हणाली. कौशल्याने तोंड फिरवलं. बडनेरा गेलं तशी पोरगी सरळ बसली. अमरावतीच्या डेपोतून आम्ही ऑटो केला. तिचा मामा साईनगरला राहतो, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बुधवाऱ्यात ती कधी गेली नव्हती. तरी ऑटोवाला चुकीच्या गल्लीत वळायला लागला तेव्हा ती म्हणाली, "इथून नाई. पुढच्या निंबापासून."

कडुनिंबापाशी वळलो. दुपार माथ्यावर आली होती. प्रत्येक दारात जेवणाचा वास होता, पुरणाचा, आंब्याच्या रसाचा. एका दारातून मात्र कसलाच वास नव्हता. ते अर्धं उघडं होतं. आत जमिनीवर पाण्याची मातीची घागर भरून ठेवलेली होती आणि तिच्यावर खरबूज. आम्ही कडी वाजवायच्या आधीच आतून आवाज आला.

"आली का? आज उशीर केला."

प्रणाली चपला काढून आत गेली. चपला तिने भिंतीशी उजव्या कोपऱ्यात ठेवल्या, तिथे चपलांची जुनी खूण असावी तशा.

म्हातारी लहानशी होती, स्वच्छ लुगडं नेसलेली. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची साय आलेली. तिने आमच्याकडे मान वळवली नाही. हात पुढे केले आणि झग्याची बाही चाचपली.

"हात वर कर."

प्रणालीने दोन्ही हात वर केले. म्हातारीने वितीने छाती मोजली, कंबर मोजली, खांद्यापासून खाली घोट्यापर्यंत विती टाकत गेली.

"फिर."

प्रणाली फिरली.

"मावशी," मी म्हणाले, "आम्ही अकोल्याहून आलो. हा झगा गोदाबाईने नेला होता. त्याचं भांडं राहून गेलं, ते घ्या." कौशल्याने गंज पुढे केला.

"नेऊन ठेवा तो," म्हातारी शांतपणे म्हणाली. "भांडं घेतलं का देणं झालं. मले द्याचं नाई."

"मंग देल्ला कावून?" कौशल्या ओरडली. "माह्या लेकराच्या अंगावर कावून घातला?"

"डोये गेले माहे, बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. "अंगाशिवाय झगा मापाले लय जड जाते. नुसता हवेत धरून किती मोजू? दरसाल आखजीले एक टक उसवतो. माही पोरगी वाढून राहिली. पाहा ना, कुठवर आली. अन् आता मले सुई दिसत नाई. कोणाच्या तरी अंगावर राहिला तं हाताले समजते." तिने प्रणालीच्या कमरेशी कापड चिमटीत धरलं. "हे अजून बारीक हाय थोडी. भरंल हळूहळू."

"नाई भरणार!" कौशल्याने पोरीचा दंड धरला. "प्रणाली! चाल."

प्रणालीने आईकडे पाहिलं आणि दंड अलगद सोडवून घेतला, बाजारात चुकून कोणी परक्याने धरावा तसा. कौशल्या जागच्या जागी बसली. मला तेव्हा खरी भीती वाटली. गंज तिच्या हातातून निसटून फरशीवर गडगडत गेला, आणि त्या एवढ्या आवाजानेही पोरगी दचकली नाही.

म्हातारीने उशाखालून सुयांची डबी आणि रिळ काढलं. एका सुईला दोरा लावायचा प्रयत्न केला, दोरा बाजूने गेला.

"घे, ओव," ती प्रणालीला म्हणाली.

प्रणाली तिच्यासमोर मांडी घालून बसली. दोऱ्याचं टोक ओलं केलं. मी तिला शिकवलं होतं तसं सुई दोऱ्याकडे आणली, दोरा सुईकडे नाही. एकदम ओवलं गेलं. काम हातात आलं की मुलांचं मन जागेवर येतं, हे मी जन्मभर पाहत आले आहे. मी कौशल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलू नको म्हणून दाबला.

प्रणालीने सुई दिली नाही. ती बोटांत फिरवत राहिली.

"हा रंग कोणी आणला?" तिने विचारलं.

"तिनंच." म्हातारी हसली. "कौंडण्यपूरच्या जत्रेत गेलो होतो. दुकानदारानं गुलाबी काढला, लाल काढला. हे म्हणे, नाई, थोच. सारं दुकान खाली करवलं. तोपर्यंत तिले कधी नवं मिळालंच नाई. जावेच्या पोरीचे उतरलेले घालत होती. जाऊ दाराशी आली का म्हणे, हा तं आमच्या पोरीचा! लय रडत होती मंग. म्हणून हा आणला. तिचा सोताचा."

"मंग?"

"मंग काय. शिवून झाला अन् ताप आला. काज-बटणं राहिले होते. म्हटलं, बरी झाली का घालजो."

"म्हणजे तिनं घातलाच नाई?"

"नाई."

गल्लीतून एक कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.

प्रणालीने मान खाली घालून आपल्या अंगावरच्या झग्याकडे पाहिलं. बाहीवरून हात फिरवला, घेरावरून फिरवला. तिचा चेहरा हळूहळू आक्रसला, लहान मूल रडण्याआधी आक्रसतं तसा.

"मंग मी कावून घातला?" ती म्हणाली. "तिच्या आधी?"

म्हातारीचे हात मांडीवर थांबले.

"अंगाले येईल त्या पोरीले द्या म्हणता तुमी. तिले विचारलं का?" प्रणालीचा आवाज चढला. तो तिचा स्वतःचा आवाज होता, इफ्फतशी भांडताना वर जायचा तोच. "माही मामेबहीण असंच करते. आपला ड्रेस दुसऱ्याच्या अंगावर पाहिला का कसं वाटते मले मालूम हाय, मी तिचा ड्रेस घालून तिचं तोंड पाहिलं हाय. थे पोरगी पाहून राहिली असंल ना इथून! तिचा एकच हाय. अन् मी लग्नात घालून नाचणार होती."

ती उठली. आतल्या खोलीत गेली. कौशल्या धावत तिच्यामागे गेली, पिशवीत एक जुना पंजाबी ड्रेस होता तो घेऊन. आतून दोघींच्या कुजबुजीचा आवाज आला, मग कोणाच्या तरी हुंदक्याचा. बाहेर म्हातारी आणि मी समोरासमोर बसलो होतो. ती माझ्याकडे पाहत होती की माझ्यामागे, हे त्या डोळ्यांवरून सांगता येत नव्हतं.

"तुमी शिकवता का हिले?" तिने विचारलं.

"हो."

"चांगली हाय," ती म्हणाली. "माहीवालीही अशीच भांडे."

प्रणाली बाहेर आली. मामेबहिणीचा उतरलेला ड्रेस तिला खांद्यात मोठा होत होता. झगा तिने शिवणीवर शिवण ठेवून घडी घातला होता, मी शिकवते तसा. म्हातारीच्या मांडीवर ठेवला. मग खाली बसली, रिळ उचललं आणि आणखी एका सुईत दोरा ओवला. गाठ मारली. ती सुई उशीच्या अभ्र्यात टोचून ठेवली आणि दुसरी घेतली. डबीत होत्या तेवढ्या सगळ्या सुया तिने ओवून ठेवल्या.

"पुढच्या आखजीपर्यंत पुरतील, आजी," ती म्हणाली. "मंग कोणाले तरी हाक मारजा. पण झगा नोका देऊ."

म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चेहऱ्यावरून खाली आणला, नाक, गाल, हनुवटी. अनोळखी माणसाला ओळखून घ्यावं तसा.

"नाव काय तुहं?"

"प्रणाली."

"बरं," ती म्हणाली. "जा मंग, प्रणाली. उन्हाची सांभाळून जाजो."

गंज कौशल्याने उचलून पिशवीत घातला. आम्ही बाहेर पडलो. ऊन इतकं होतं की गल्ली पांढरी दिसत होती. मागे दार लागल्याचा आवाज आला, कडी आतून घातल्याचा. कौशल्या पोरीचा हात इतका घट्ट धरून चालली होती की तिची बोटं पांढरी पडली होती. आम्ही त्या घराच्या कडेच्या खिडकीखालून जात होतो तेव्हा आतून म्हातारीचा आवाज आला. लाडाचा, थोडा रागावलेला.

"हालू नको. हात वर कर. अजून. हं, आता फिर."

मग फरशीवर अनवाणी पावलं फिरल्याचा आवाज आला. म्हातारी चालताना पाय ओढत होती. ही पावलं हलकी होती.

कौशल्या थबकली. तिने पोरीला झटकन आपल्या अंगाशी ओढलं, दोन्ही हातांनी तिचे हात खाली दाबून धरले आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मीही पाहत राहिले.

प्रणालीने खिडकीकडे मान वळवली, क्षणभर ऐकलं आणि पुन्हा पुढे पाहिलं.

"चाल ना, आई," ती म्हणाली. "थे तिले म्हणून राहिली, मले नाई."